आत्याचं कोरडं अंगण

अंगणात तीनशे शहाऐंशी फरशा होत्या. त्यांतल्या एकोणीस फुटलेल्या, आणि सात इतक्या तिरक्या की त्यांवर कप ठेवला तर कॉफी एका कडेला जमायची. कपडे वाळत घालायची एक फिरती छत्री, तिचा दांडा मागच्या पाण्याने भरलेल्या चराच्या बाजूला कललेला. रुबार्बचा एक वाफा, गुलाबाची चार झुडपं, भिंतीला बांधून आडवं वाढवलेलं नासपतीचं एक झाड, सायकलींची शेड. मागच्या दाराखाली तीन पायऱ्या. उजवीकडच्या कुंपणात एक फाटक, आणि ते बंद ठेवणारे अकरा खिळे.

फाटकापलीकडे लाइसबेत आत्याचं अंगण. तिथल्या फरशा योरीनला मोजता आल्या नाहीत. कुंपणावरून दिसलं तेवढं तिने ध्यानात ठेवलं: ताडपत्रीखाली रचलेल्या विटा, एक बाक, आणि दाराखाली पायऱ्या पाच.

शनिवारी हे सगळं उखडायचं होतं, म्हणून तिने शुक्रवारीच मोजून घेतलं. तिचा थोरला भाऊ ब्राम खिडकीत उभा राहून सफरचंद खात होता. फरशा रातोरात पळून जाणार आहेत का, असं त्याने विचारलं, आणि पळाल्याच तर एकोणीस लंगड्या मागे सापडतील, असं स्वतःच उत्तरही दिलं.

पायऱ्या मुळात नव्हत्या. लेन्डर्ट आजोबांनी एका छपराखाली ही दोन घरं बांधली, एक मुलाला आणि एक मुलीला, तेव्हा दार आणि अंगण एका पातळीत होतं. घर उभं होतं खोलवर ठोकलेल्या लाकडी खांबांवर, ते जागचं हलत नसे. अंगण होतं दलदलीच्या काळ्या, भुसभुशीत मातीवर, आणि ते दरवर्षी थोडं थोडं खाली जाई. मग दहा-बारा वर्षांनी एखाद्या वसंतात फरशा काढायच्या, गाडीभर वाळू ओतायची आणि फरशा परत बसवायच्या. तरीही जे अंतर उरे, त्यासाठी एक पायरी वाढे. वाळूच्या वजनाने अंगण आणखी जोरात खचायचं आणि पुन्हा वाळू आणावी लागायची. गावात दर वसंतात कुणाच्या ना कुणाच्या दारात वाळूचा ढीग असायचाच. त्यात कुणालाच काही विचित्र वाटत नसे. योरीनला वाटे, कारण माती आणि पाणी ह्या विषयात तिची पाच वर्षं गेली होती. ह्या खेपेला वाळू भरायची नाही, उलट जुनी उपसून काढायची आणि तिच्या जागी ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड घालायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"दगड पाण्यावर तरंगतो म्हणे," तिचे बाबा, हाउब, शेजाऱ्यांना सांगत फिरले. "वारा सुटला की अंगण धरून ठेवायला माणूस लागणार." पण हो म्हणाले. बाहत्तराव्या वर्षी हाउब कुणाचंच ऐकत नसे, फक्त मुलीचं ऐके, आणि तेही तक्रार केल्यासारखं.

अडचण एकच होती. दोन्ही अंगणं एकदम करायला हवी होती. एक उंच आणि एक सखल राहिलं तर पावसाचं पाणी सखल बाजूला जातं. मागच्या खेपेला दोन्ही घरांनी आपापलं केलं, आणि आईचे दोन गुलाब कुजले. आत्याच्या अंगणाला मात्र कधीच काही होत नसे. तिच्या फरशांवर शेवाळ चढत नसे, कपडे अर्ध्या दिवसात वाळत. योरीन लहानपणी कुंपणाच्या फटीतून ते कोरडं अंगण बघायची. तिथे खेळायला जायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. खिळे दिसत होते.

खिळे आत्याच्या नवऱ्याने, वाउटर काकांनी ठोकले होते. लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी घराच्या मागे विटांचं स्वयंपाकघर बांधलं, स्वतःच्या हाताने, मोठ्या हौसेने. पंधरा वर्षांनी आत्याच्या मागच्या भिंतीला भेग पडली. आईच्या वाढदिवसाला, खुर्च्या गोल मांडून सगळं गोत केकच्या बश्या मांडीवर घेऊन बसलेलं असताना बाबा म्हणाले होते, "वाउटर, तुझ्या विटांनी माझ्या बहिणीचं घर बुडवलं." काकांनी बशी खाली जमिनीवर ठेवली आणि ते घरी गेले. पुढच्या वसंतात त्यांनी ते स्वयंपाकघर वीट वीट करून उतरवलं, घराचा भार कमी व्हावा म्हणून. फाटकही तेव्हाच बंद केलं. भेग वाढतच राहिली. काका गेले तेव्हा तिच्यात योरीनचा हात मनगटापर्यंत जात होता. आजही कुणी भिंतीकडे बघितलं की आत्या आधीच सांगून टाके, "आमचीच चूक. आम्ही फार जड बांधलं."

हिवाळाभर योरीन दोन्ही दारांत जाऊन बोलत राहिली. शेवटी आत्या तयार झाली. तिची एकच अट होती. कॉफी ती आपल्या घरून आणणार नव्हती, भावाच्या टेबलाशी बसून पिणार होती.

सकाळी ब्रामने पक्कड घेऊन खिळे उपटले. शेवटचा निघाला तेव्हा फाटक आपोआप उघडलं नाही, दोघांना ओढावं लागलं, कारण त्याचा खालचा काठ मातीत रुतला होता. पलीकडे आत्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, स्वतःचं फावडं घेऊन उभी होती. सत्तरीची बाई, पाठ ताठ. आईने टेबलावर मेणकापड अंथरलं होतं आणि तिची तारांबळ दिसू नये म्हणून ती सारखी कप सरळ करत होती.

आत्या बसली. आईने बिस्किटांचा डबा पुढे केला, तिने एक घेतलं, आणि आईने सवयीने झाकण लावलं.

"वहिनी, डबा अजून तोच आहे," आत्या म्हणाली.

"बिस्किटं नवी आहेत."

"आणि झाकण अजून एकदाच उघडतं."

ब्राम कॉफीत हसला आणि त्याला ठसका लागला. आईने डब्याकडे बघितलं, मग तो उघडून पुन्हा आत्यासमोर ठेवला, आणि ह्या खेपेला झाकण बाजूला ठेवलं. बाबा नासपतीच्या झाडाच्या गाठी सोडवत पाठमोरे उभे होते. त्यांना त्या गाठी काही सुटत नव्हत्या.

काम सुरू झाल्यावर बोलणं सोपं झालं. फरशा निघाल्या, त्यांखाली वाळू, वाळूखाली जुन्या फरशा, त्या कुणीतरी कंटाळून काढल्याच नव्हत्या, आणि त्यांखाली पुन्हा वाळू. आत्याने एक लालसर फरशी उचलून बाबांना दाखवली. त्यांच्या वडिलांनी बसवलेली. ह्याच फरशीवर हाउब सायकलवरून पडला होता आणि दात तिचा हलला होता, कारण ती मागे बसली होती. बाबा म्हणाले, दात दुधाचा होता. आत्या म्हणाली, दूध तिचं होतं. दुपारचं सूप होईपर्यंत दोघं एकमेकांच्या ढकलगाड्या भरत होती, आणि आई दारातून ते बघून आत गेली.

योरीनला जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायला एक खोल खड्डा हवा होता. तिने जागा निवडली फाटकाशेजारी, आत्याच्या भिंतीला लागून, कारण तिथे दोन्ही अंगणं मिळत होती. जमीन खचते, भिंत त्या मानाने स्थिर, म्हणून तिने उपटलेल्या खिळ्यांतला एक भिंतीत ठोकला. सगळी मापं ह्या खिळ्यापासून घ्यायची. ब्राम खणत होता. खड्डा त्याच्या कमरेच्या वर गेला तेव्हा फावडं कशावर तरी वाजलं.

लाल मातीचा नळ होता. भाजलेल्या मातीच्या आखूड नळ्या एकापुढे एक, मधल्या फटींतून पाणी झिरपेल अशा ठेवलेल्या, भिंतीला समांतर. ब्रामच्या फावड्याने एक फुटली होती. आत पाणी वाहत होतं, बारीक धार, पण थांबत नव्हती.

तीन आठवडे पाऊस नव्हता.

"बाबा, हे काय आहे?" योरीनने विचारलं.

बाबा आले, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की तिला तो विसरता येणार नव्हता. "अजून चालतोय," ते म्हणाले आणि त्यांनी आईला हाक मारली. "कोर्री, ये बाहेर. आपला नळ अजून चालतोय."

मग त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं फक्त त्यांना आणि आईला माहीत असलेली गोष्ट. आत्याचं लग्न झालं त्याच्या पहिल्या हिवाळ्यात तिचं अंगण पाण्याखाली होतं. ती रबरी बूट घालून चिखलात उभी राहून कपडे वाळत घालायची, आणि त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. हाउबला ते बघवलं नाही. वाउटरला सांगितलं असतं तर त्याचा अपमान झाला असता, नवीन जावयाच्या घराचं पाणी मेहुण्याने काढायचं म्हणजे काय. म्हणून वसंतात ती दोघं वाउटरच्या आईकडे समुद्रावर गेली त्या आठवड्यात त्याने एकट्याने भिंतीलगत लांब खाच खणली, नळ टाकला, फरशा जशाच्या तशा बसवल्या. परत आल्यावर वाउटरला वाटलं, ही आपण ओतलेल्या वाळूची करामत. हाउबने त्याला ते वाटू दिलं.

"म्हणजे ते तू केलंस," आत्या म्हणाली.

"वाळू कुठली पाणी काढते."

"चाळीस वर्षं मी शेजारणींना सांगतेय, माझ्या नवऱ्याची वाळू बघा." ती हसली. मग तिने हातमोजा काढला आणि भावाच्या दंडावर हात ठेवला. "मला कधी कुणी एवढी मोठी गोष्ट दिली नव्हती रे, आणि मला ती माहीतच नव्हती. आभार मानायचे राहिले."

बाबांनी नाक शिंकरलं. ब्रामने दुसरीकडे बघितलं. योरीन खड्ड्यात उतरली होती.

तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती तिने शक्य तितक्या सहज विचारली. नळ कुठे जातो. मागच्या चरात?

"चरात कसा जाईल," बाबा म्हणाले. "मोठ्या पावसात चर फुगला की पाणी उलटं आत येईल. एवढं कळतं मला. रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या चेंबरला जोडला. ते चरापेक्षा पुष्कळ खोल. तिथून पाणी परत यायचं नावच नाही."

भिंतीच्या तळाची माती तिने हाताने उकरली. विटांचा पाया संपला, आणि त्याखाली आजोबांच्या खांबाचं डोकं लागलं. ते काळं आणि ओलं असायला हवं होतं. ते तपकिरी होतं, आणि कोरडं. तिने मोजपट्टी उघडली. खिळ्यापासून खांबाच्या डोक्यापर्यंत एकशे चार सेंटीमीटर. खिळ्यापासून पाण्यापर्यंत एकशे एक्कावन्न. तिने पट्टी मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मोजलं. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर लाकडाला लावला आणि अंगठ्याने दाबला. अंगठ्याला जोर लावावाच लागला नाही. चार सेंटीमीटर आत गेला.

पाण्यात बुडालेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. हवा लागली की कुजतं. गावातल्या शाळेत हे सात वर्षांच्या मुलालाही सांगतात. आणि पाणी नळाकडे उताराने जातं, नळाजवळ सर्वांत खाली, जसजसं लांब जावं तसतसं वर, म्हणजे आत्याच्या भिंतीखाली सर्वांत खाली, आणि त्यांच्या स्वतःच्या भिंतीखाली जवळजवळ जसंच्या तसं. माती कोरडी पडली की ती जास्त खचते. तीन पायऱ्या. पाच पायऱ्या. ती लहानपणापासून त्या पायऱ्या चढत आणि बघत आली होती. नळ आणि स्वयंपाकघर एकाच वर्षी झालं. दोन गोष्टी एकाच वर्षी बदलल्या, आणि त्यांतली एकच सगळ्यांना दिसत होती. नंतर काकांनी स्वयंपाकघर काढून टाकलं, भेग वाढत राहिली, आणि ह्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. तिनेही नाही, पाच वर्षं शिकून.

खड्ड्यातून बाहेर येताना तिला ब्रामचा हात धरावा लागला.

"पांढरी पडलीस," तो म्हणाला. "बेडूक होता का?"

स्वयंपाकघरात आई पाव कापत होती. योरीनने हात धुतले, पुन्हा धुतले. आईने सुरी खाली ठेवली. मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं आणि ते काय, हे विचारायला ती घाबरत होती. योरीनने चार वाक्यांत सांगितलं. आईने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"खरं आहे का हे?"

"आहे."

"किती खरं?"

"सत्तेचाळीस सेंटीमीटर," योरीन म्हणाली. "एवढा खांब कोरडा आहे."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बाबा हातवारे करून तीच गोष्ट पुन्हा सांगत होते, आणि आत्या उलट्या बादलीवर बसून ऐकत होती. आई हळू आवाजात म्हणाली की ती दोघं अशी बसलेली तिने योरीनच्या जन्मापासून बघितलेली नाहीत. आजचा दिवस जाऊ दे. सोमवारी सांग. नाहीतर त्या कुठल्या पाया तपासणाऱ्यांना सांगू दे, घरच्या माणसाने कशाला सांगायचं. ब्राम भांडं न्यायला आत आला आणि त्यालाही कळलं. त्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग दोनदा विचारलं, मग तो आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षांपूर्वीचा नळ, त्यात मुद्दाम काही केलेलं नाही, बाबांचं हृदय आधीच नाजूक. आणि काका तर गेले.

"काका गेले," तो म्हणाला. "आता हे ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं?"

"काकांच्या डोक्यावर आहेच की," योरीन म्हणाली.

आईने पुन्हा सुरी उचलली आणि पाव कापला, गरजेपेक्षा खूप जास्त.

सूप बाहेरच प्यायचं ठरलं. बाबांनी दोन वाट्या घेतल्या. आत्याने अर्धी संपवून वाटी खाली ठेवली.

"योरीन, मघापासून तू गप्प आहेस," ती म्हणाली. "तू गप्प बसलीस की काहीतरी मोजलेलं असतं."

आईने योरीनकडे बघितलं. योरीनने ते बघितलं आणि मग फाटकाच्या पलीकडे ताडपत्रीकडे बघितलं.

"आत्या, भेग काकांच्या विटांमुळे नाही पडली," ती म्हणाली. "ह्या नळाने भिंतीखालचं पाणी काढून घेतलं. खांब कोरडे पडले आणि कुजले."

बाबा हसले, पोराने भलतंच काही बोलल्यावर मोठी माणसं हसतात तसं. खांब ओले राहिले पाहिजेत हे त्यांना कुणी शिकवायला नको, म्हणाले. मागे चर आहे. चर भरलेला असला की खांब ओले. ते रोज सकाळी दात घासताना खिडकीतून चर बघतात. एकही दिवस असा नव्हता की चर रिकामा होता.

"चर भरलेला होता, बाबा. पण नळ चरापेक्षा खोल नेलात. चराचं पाणी इथवर पोचायच्या आत नळ ओढून घ्यायचा."

"चर भरलेला होता," बाबा म्हणाले.

"हो."

"मी रोज बघत होतो."

मग ते उठले आणि खड्ड्यापाशी गेले. ब्राम धरायला धावला, त्यांनी त्याचा हात झटकला आणि स्वतः उतरले. योरीनने स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. ते चाळीस वर्षं सुतारकाम केलेले हात होते. त्यांनी टोक लाकडाला लावलं, आणि सगळ्यांना दिसलं की त्यांनी जोर लावलाच नाही. ते टोक बाहेर काढून त्यांनी बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. दुसऱ्या जागी लावलं. तिसऱ्या. तिथे खाली ते बराच वेळ पाठ करून उभे राहिले, आणि नळाच्या फुटक्या तुकड्यातलं पाणी त्यांच्या बुटावरून वाहत होतं.

आत्या उठली होती. योरीनला वाटलं ती घरी निघाली, आणि आता फाटक पुन्हा बंद होणार. पण ती विटांकडे गेली आणि तिने ताडपत्रीचं एक टोक उचललं. विटा स्वच्छ होत्या, कडा सरळ, एकीवर एक घट्ट.

"उन्हाळाभर तो इथे बसून चुना खरवडत होता," ती म्हणाली, कुणाकडे न बघता. "मी म्हटलं, टाकून दे, कशाला डोळ्यांसमोर. म्हणाला, विटांचा काय दोष."

आई रडायला लागली होती, आवाज न करता. ती उठून नणंदेपाशी गेली, पण तिला हात लावायची हिंमत झाली नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली. तिलाही माहीत होता तो नळ. केक तिच्याच वाढदिवसाचा होता.

"लाइस," खड्ड्यातून बाबा म्हणाले.

आत्या परत आली. खड्ड्याच्या काठाशी उभी राहून तिने भावाकडे खाली बघितलं. योरीनने तिचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता, आणि तो आजही चढला नाही.

"मघाचे आभार मी परत घेत नाही," ती म्हणाली. "तू प्रेमाने केलंस. त्या प्रेमाचं आता काय करायचं, ते मला कळत नाही. पण एक गोष्ट तू सगळ्यांसमोर बोलला होतास. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आज चारच आहेत आणि एक बादली, तरी चालेल. बोल."

बाबांनी टोपी काढली. त्यांचे केस घामाने चिकटले होते, आणि योरीनला ते पहिल्यांदाच इतके म्हातारे दिसले की ती नजर वळवू शकली नाही.

"वाउटरच्या विटांनी काही झालं नाही," ते म्हणाले. "त्याचं स्वयंपाकघर चांगलं होतं. लाइसचं घर मी बुडवलं."

"सगळ्यांना ऐकू आलं?" आत्याने विचारलं.

ब्राम हो म्हणाला. आई हो म्हणाली. योरीनने मान हलवली, मग तिला वाटलं तेवढं पुरेसं नाही, आणि तीही हो म्हणाली.

"आता तो नळ बुजव," आत्या म्हणाली.

ब्रामने चराच्या काठावरून चिकणमाती आणली. बाबा खड्ड्यातच गुडघ्यांवर बसून गोळे करत राहिले, नळाच्या तोंडात दोन्ही हातांनी दाबत राहिले, पण पाणी कडेने वाट काढत होतं. माती धरून ठेवायला मागे काहीतरी कडक हवं होतं. ते मान वर करून इकडेतिकडे बघायला लागले. आत्या ताडपत्रीकडे गेली, एक वीट घेऊन आली आणि खाली वाकून त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती घेतली, उलटीसुलटी करून बघितली, अंगठ्याने तिची कड चाचपली. ती बसवायला त्यांना वेळ लागला. बसली तेव्हा धार थांबली.

त्या दिवशी पुढे काम झालं नाही. फरशा ढिगांत तशाच राहिल्या, वाळू अर्धी उपसलेली, छत्री आडवी. बाबा पायरीवर बसून राहिले, आणि आईने त्यांना आत बोलावलं नाही. फाटकाला खिळे नव्हते, आणि ते लावून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

रविवारी सकाळी योरीन बाहेर आली तेव्हा खड्ड्यापाशी आत्या आधीच आलेली होती, अंगात झोपेच्या कपड्यांवर काकांचा कोट, पायांत रबरी बूट. पायरीवर बाबा होते. ते रात्री झोपले होते की नाही, हे त्यांच्याकडे बघून कळत नव्हतं. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं आणि कुणी ते ओलांडलं नव्हतं. योरीन मोजपट्टी उघडायला लागली, तर आत्याने हात पुढे केला. योरीनने पट्टी दिली, वरचं टोक खिळ्याला कसं धरायचं ते दाखवलं, काल एकशे एक्कावन्न होतं हे सांगितलं, आणि ती बाजूला झाली.

आत्याने पट्टी खाली सोडली. टोक पाण्याला लागलं तेव्हा पाणी हललं. ते स्थिर होईपर्यंत ती थांबली, मग चष्मा वर करून जवळून बघितलं, आणि पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात आकडा वाचला.

खिळ्यापासून पाण्यापर्यंत एकशे एकोणचाळीस सेंटीमीटर.